वड्या, आडनावासकट

वड्या आईच्या, जवसाची चटणी माझी आणि दुकान इंटरनेटवरचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या आमच्या घरातून हे सगळं चालायचं, म्हणजे पहिल्या वर्षी चालत नव्हतंच. मी एका खासगी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. कोरोनात शाळा बंद झाली आणि पुन्हा उघडली नाही. वडील आधीच गेलेले. आई मात्र माझ्या कळत्या वयापासून मुंगवड्या टाकत आलेली. मुगाची डाळ भिजवून पाट्यावर वाटायची, त्यात कोहळ्याचा कीस, आलं, जिरं, हिरवी मिरची घालायची, खाटेवर धुतलेलं लुगडं पसरायचं आणि त्यावर बोटांनी एकसारख्या वड्या टाकत जायचं. तिच्या वडीला तीन दिवसांचं कडक ऊन लागतं. मग ती वांग्याच्या रश्श्यात पडली की फुगते, पण फुटत नाही. हे मी लेक म्हणून सांगत नाही, खाणारे सांगतात.

मला वाटलं, वेबसाइट बनवता येते, वड्या घरात आहेत, आणखी काय लागतं? गिऱ्हाईक लागतं, हे नंतर कळलं. पहिल्या महिन्यात नातेवाइकांनी मागवलं, दुसऱ्या महिन्यात जुन्या शाळेतल्या बायांनी. मग शांतता. मी व्हॉट्सअ‍ॅपवर दर सकाळी फोटो टाकायची आणि लोक हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. सूट जाहीर केली, जाहिरात दिली. जाहिरातीवर कुठल्या कुठल्या लोकांनी बोटं दाबली आणि वडी एकानेही घेतली नाही. आई अंगणातून विचारायची, "आलं का वं कोणी?" जणू माझ्या फोनला दार आहे आणि मी ते लावून बसले आहे.

तेव्हा चंद्रपूरला घरगुती उद्योग करणाऱ्या बायांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. मी गेले. शिकवणारे सर चाळिशीतले, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यांनी माझी साइट मोठ्या पडद्यावर उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, माल चांगला दिसून राह्यला. पण माणूस कुठी आहे? गिऱ्हाईक वडी पाहून नाई येत, वडी करणारा हात पाहून येते. आईचा व्हिडिओ टाका."

सल्ला पटला. मी घरी येऊन आईचा व्हिडिओ काढला आणि त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "फार छान. फक्त मागची भिंत बदला. फोटोंमुळे लक्ष विचलित होते."

आमच्या पडवीच्या त्या भिंतीवर दोनच फोटो आहेत. एक तथागतांचा, दुसरा निळ्या कोटातला, चष्म्याचा, जो आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात आहे. माझे आजोबा छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते, तेव्हापासून घरात ते दोघे आहेत. आता त्यांच्यामुळे वडीवरचं लक्ष विचलित व्हायला लागलं होतं.

खरं सांगायचं तर मला तेव्हा राग आला नाही. राग यायला पाहिजे होता. मी फक्त "ठीक आहे सर" लिहिलं आणि आईला शेजारच्या चाचींच्या अंगणात नेलं. चाचींचं घर शिंप्याचं. चाचा आणि त्यांचा मुलगा पुढच्या खोलीत मशीनवर असतात. मागचं अंगण शेणाने सारवलेलं, पांढऱ्या भिंतीशी जास्वंद.

"काऊन इथी आणलं मले?" आईने विचारलं. "इकडं ऊन नाई येत."

"उजेड चांगला आहे," मी म्हटलं.

आईने जास्वंदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वड्या टाकायला बसली.

व्हिडिओ चालला. हजारोंनी पाहिला नाही, पण आमच्यासाठी खूप होता. लोकांनी खाली लिहिलं, अस्सल मराठमोळं अंगण, आजीच्या घरची आठवण आली, हीच आपली संस्कृती. मी ते चाचींना वाचून दाखवलं तेव्हा त्या पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "मेरा आंगन?" त्या म्हणाल्या. "बताना मत बेटा, नहीं तो बेचारों का खाना नहीं पचेगा." आम्ही दोघी खूप हसलो. ते हसू माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या व्हिडिओवरून पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या. तिथल्या बायकांचा एक ग्रुप होता आणि घरगुती वस्तू एकत्र मागवायचं काम या बाई करायच्या. त्यांनी आधी नमुना मागवला. मी तो फुकट पाठवला, दोन पाकिटं वड्या आणि चटणीची बरणी. आठवड्याने त्यांचा फोन. "अगं, काल आमच्याकडे सगळ्या जमलो होतो. मी तुझ्या वड्यांची भाजी केली. बोटं चाटली गं सगळ्यांनी! आईंना नमस्कार सांग माझा."

मी नमस्कार सांगितला. आई लाजली. मग त्यांनी इतकी मोठी मागणी नोंदवली की आम्ही बारा दिवस फक्त तेच काम केलं. आईचे खांदे भरून आले. चाची संध्याकाळी येऊन पाकिटांची तोंडं बंद करून द्यायच्या. खोकं कुरिअरने निघालं. ठरल्याप्रमाणे मी बाईंना पैशांसाठी क्यूआर पाठवला.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"अगं, मी स्कॅन केलं तर वेगळंच नाव आलं."

"वेगळं नाही ताई, माझंच आहे. बँकेतलं पूर्ण नाव."

"हो का?" मग माझं आडनाव त्यांनी सावकाश, मोठ्याने वाचलं, औषधाच्या बाटलीवरचं अवघड नाव वाचतात तसं. "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?"

"नागभीडचे. साइटवर लिहिलंय की."

"गाव नाही गं. म्हणजे तुमच्यात..."

मला कळलं होतं. आमच्याकडे हे कळायला वेळ लागत नाही. शाळेत हजेरी घेताना नवे मास्तर आडनावाशी अर्धा क्षण थांबायचे, तिथपासून ते कळतं. पण मी ठरवलं, त्यांचं वाक्य मी पूर्ण करून द्यायचं नाही.

"आमच्यात काय ताई?"

"म्हणजे, तुम्ही लोक कोण?"

"बौद्ध."

"अच्छा, अच्छा. छान. नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं. माझ्या मुलाचे कितीतरी मित्र आहेत. फक्त ग्रुपमध्ये दोन-चार ज्येष्ठ बायका आहेत, त्यांचं सोवळं असतं. मी त्यांना विचारते."

एक मिनिटापूर्वी मी 'तू' होते. 'तुम्ही लोक' झाल्याचं मला त्या घडीला टोचलं नाही, फोन ठेवल्यावर टोचलं. आणि काय विचारणार होत्या त्या? बोटं चाटून झाली होती. ते पोटातलं परत काढता येतं का, हे विचारणार होत्या?

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. काही अडचणींमुळे मागणी रद्द करत आहोत, गैरसमज नसावा, आईंना नमस्कार. नमस्काराला मात्र अडचण नव्हती.

खोकं अकरा दिवसांनी परत आलं. वर शिक्का, ग्राहकाने घेण्यास नकार दिला. कुरिअरवाल्याने ते पडवीत ठेवलं तेव्हा आई डाळ निवडत होती.

"काऊन वापस आलं?"

"पत्ता चुकला," मी म्हटलं.

तिने डाळीतून मान वर केली नाही. "पत्ता चुकला का जात चुकली?"

मी तिथेच खोक्याला टेकून बसले. मग सगळं सांगितलं. आडनाव, सोवळं, नमस्कार, सगळं. आई ऐकून घेत राहिली आणि सूप हलवत राहिली.

"तुले बाजारातला सेठ आठवते?" तिने विचारलं.

आठवत होता. मी लहान असताना महिन्यातून दोनदा त्याचा माणूस सायकलवर पत्र्याचे डबे घेऊन यायचा आणि आईच्या वड्या भरून न्यायचा. एवढंच मला ठाऊक होतं.

"तो त्या वड्या पाकिटात भरून नागपूरले पाठवे. पाकिटावर नथवाली बाई होती, गोरीपान. मी तिले कधी पाह्यलं नाई." आई हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "एकडाव त्याच्या दुकानात गेली मी, तर म्हणे, बाई, समोरून नको येऊ, मांगून ये. गिऱ्हाईक पाहतीन. चौदा वर्सं लोकायनं माह्या हातच्या वड्या खाल्ल्या. कोणाचं पोट नाई दुखलं. काऊन का कोणाले मालूमच नोतं."

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ऐकताना माझे कान तापले ते त्या सेठमुळे नाही, त्या पुण्याच्या बाईंमुळेही नाही. मी माझ्या साइटवर फक्त स्वतःचं पहिलं नाव लिहिलं होतं. आजकाल असंच असतं, सुटसुटीत दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. आईला मी चाचींच्या अंगणात नेलं होतं, ऊन नसलेल्या जागी. सेठने तिला मागच्या दाराने बोलावलं आणि तिच्या शिकलेल्या मुलीनेही तेच केलं. फक्त माझ्या दाराला जास्वंद होती.

त्याच दुपारी मी चंद्रपूरच्या सरांना फोन केला. माझा आवाज चढलेला होता आणि मी तो उतरवला नाही. "सर, भिंत बदलली तुमच्या सांगण्यावरून. आता काय बदलू? आई बदलू?"

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, बँकेत दुकानाच्या नावाने खातं उघडा. म्हणजे स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव दिसते. आडनाव येतच नाई. साधा उपाय आहे."

"उपाय? दुखणं कोणाला आहे सर, मला की त्यांना?"

"माझ्या कार्डावर काय लिहिलंय, पाहा एकदा," ते म्हणाले.

शिबिरात त्यांनी सगळ्यांना कार्ड दिलं होतं. मी पर्समधून काढलं. पहिलं नाव, पुढे दोन अक्षरं आणि ठिपके. आडनाव नव्हतं.

"मीही तुमच्यातलाच आहे," ते म्हणाले. "वर्ध्याजवळचा. पंधरा वर्षं असंच चाललंय. घरी दोन लहान पोरी आहेत ताई, मले शिबिरं मिळाली पाहिजे. मी तुम्हाला चुकीचं नाई सांगत. जे मले उपयोगी पडलं, ते सांगून राह्यलो."

माझा चढलेला आवाज कुठे ठेवावा, मला समजेना. या माणसावर ओरडता येत नव्हतं. पण राग गेला नाही, उलट वाढला. इतका हुशार माणूस, शंभर बायांना धंदा उभा करायला शिकवतो, आणि स्वतःचं नाव दोन ठिपक्यांमागे ठेवून जगतो. हे ज्यांच्यामुळे, ते लोक आपण काही मानत नाही असं म्हणतात आणि त्यांना ते खरंही वाटतं. मी सरांना म्हटलं, "तुमचं तुम्ही पाहा सर. माझ्याच्याने नाही होणार." ते म्हणाले, "बघा. पण विकलं गेलं नाई तर मले दोष देऊ नका."

साइटवर पूर्ण नाव टाकायचं मी ठरवलं, पण घरात आईच अडली.

"नाव टाकशीन तर धंदा बसन," ती म्हणाली.

"उभा कधी होता?"

"चार वड्या तरी जाऊन राह्यल्या ना. मांगच्यासारखं होईन पाह्य. मले सवय हाये वं, तुले नाई."

"सवय आहे म्हणून चालू द्यायचं का?"

ती चिडली. माझ्यावर ती क्वचित चिडते. वड्या तिच्या होत्या, खांदे तिचे भरून आले होते आणि बाणा मी दाखवत होते, हे तिचं म्हणणं रास्तच होतं. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आपण होऊन खाट ओढत ओढत पडवीसमोर आणली, लुगडं पसरलं आणि म्हणाली, "काढ तुहा व्हिडिओ. वड्या माह्या हायेत, त माहं नाव वरतं टाक. पुरं. तुहं खालती टाक."

तो व्हिडिओ मी एका दमात काढला. मागे आमची भिंत, दोन्ही फोटो, खाली आई. तिने सांगितलं ती कोण, कुठली, किती वर्षं वड्या करते, आणि सेठच्या पाकिटावर कोणाचं चित्र असायचं. मी काही जोडलं नाही. साइटवर आम्हा दोघींची पूर्ण नावं घातली, पाकिटावर छापली.

मग लोकांनी लिहिलं, खाण्यात जात कशाला आणता? हे वाचून मी फोन आपटणार होते. आम्ही आणली? आम्ही वड्या आणल्या होत्या. जुन्या व्हिडिओवर ज्यांना संस्कृती दिसली होती, त्यांतल्या काहींना आता राजकारण दिसलं. आई तीच, डाळ तीच, हात तेच, फक्त भिंत बदललेली.

तीन आठवडे एकही मागणी नाही. मग एकदम पुष्कळ आल्या, मुंबईहून, दिल्लीहून, परदेशातल्या कुणाच्या नातेवाइकाकडून. तुमच्या संघर्षाला सलाम. आम्ही तुमच्यासोबत आहोत. मला आधी भरून आलं. पण वड्या कशा लागल्या, हे कोणी लिहीना. मी एकाला मुद्दाम विचारलं तर तो म्हणाला, अजून पाकीट उघडलं नाही, पण आपलं काम फार प्रेरणादायी आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वडी काय हार घालून ठेवाची चीज हाये का?" त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा काही मागवलं नाही. त्यांच्यावर रागावणं बरं नाही, हे कळतं. तरी मी रागावले. आम्हाला सलाम नको होता, गिऱ्हाईक पाहिजे होतं.

ते आलं शेजारच्या जिल्ह्यातल्या कुरखेड्याहून. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी चटणी मागवली आणि चार दिवसांनी खरमरीत फोन केला. "चटणीत लसूण जास्त झाला आणि जवस कच्चं आहे. भाजताना घाई केली का?" मी बरणी उघडून चव घेतली. खरंच घाई केली होती. मी माफी मागितली आणि दुसरी बरणी पाठवली. त्यांचा पुन्हा फोन आला, "आता जमली. वड्या पण पाठवा. आमच्या क्वार्टरमध्ये सहा जणी आहोत."

माझं आडनाव त्यांनी पाकिटावर वाचलंच असणार. त्यावर एक अक्षरही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या लसणावर. त्या फोनने मला जो आनंद झाला, तो कुठल्याही सलामाने झाला नव्हता.

मग माझ्या ध्यानात आलं की मी उगीच पुण्या-मुंबईकडे तोंड करून बसले होते. आमच्या या दोन जिल्ह्यांत घरापासून लांब नोकरी करणारी माणसं किती आहेत! जिवतीच्या डोंगरातले शिक्षक, एटापल्लीकडचे ग्रामसेवक, वनरक्षक, नर्सबाया, खोली करून राहणारे, स्वतः रांधून खाणारे. त्यांना मुंगवडी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. एक जण दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. मी जाहिरात बंद केली. पार्सलात हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायला लागले, काही कमी-जास्त असेल तर फोन करा. आणि लोक करतात. मीठ, तिखट, वडीचा आकार, सगळ्यावर बोलतात. दुकान मोठं झालेलं नाही. पण आई आता "आलं का वं कोणी?" असं विचारत नाही. "आज कुठी पाठवाचं हाये?" असं विचारते.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक मेसेज आला. त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या एका बाईंचा. लिहिलं होतं, मी तेव्हाच्या ग्रुपमध्ये होते, जे झालं ते मला मुळीच आवडलं नाही, तुमच्या वड्यांची चव अजून आठवते. मला बरं वाटलं. खाली आणखी एक ओळ होती. सहा पाकिटं हवी आहेत, फक्त घरी सासूबाई असतात, तर नाव छापलेली पट्टी काढून साध्या पाकिटात पाठवाल का? जास्तीचे पैसे देईन.

मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. ती लुगड्यावरच्या वाळलेल्या वड्या सोडवत होती.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिव्ह," आई म्हणाली, "का वड्या नावासकट येतीन. सासू नाई खाणार त तिले म्हणा नोको खाऊ. तू खा."

मी तसंच लिहिलं, फक्त 'तू'चं 'तुम्ही' केलं. बाईंनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. आईने वड्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं, आणि मी जिवतीच्या पार्सलावर पत्ता लिहायला घेतला.